एकाच मतपत्रिकेवरची दोन नावे

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपला वाद ऐन रंगात आला असताना तुझ्या नातवाने फोन हिसकावून घेतला, आणि त्यानंतर मी जे काही तावातावाने बोललो ते सगळे त्या चार वर्षांच्या श्रोत्याच्या वाट्याला गेले. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो आहे. तुझा निवाडा असा, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत सर्वांत थोर फ्रँकलिन रूझवेल्ट आणि सर्वांत नालायक जेम्स बुकॅनन. माझा निवाडा असा, की सर्वांत थोर अब्राहम लिंकन आणि सर्वांत नालायक त्याचाच उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन. त्यावर तू म्हणालास, "लिंकन काय, शेंबडे पोरही सांगेल."

हा टोमणा मला लागला, आणि तो लागायला कारणही आहे. मी ज्या शाळेत इतिहास शिकवला, तिथे मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले ते पत्र चौकटीत लावलेले होते, आणि वर्षानुवर्षे मी ते मुलांकडून पाठ करून घेतले. असे कोणतेही पत्र लिंकनच्या कागदपत्रांत सापडत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर समजले. तेव्हापासून लिंकनविषयी काहीही म्हणायचे तर आधी त्याचे उणे मोजून घ्यायचे, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

म्हणून तू काढण्याआधी मीच ते काढतो. १४ ऑगस्ट १८६२ रोजी लिंकनने कृष्णवर्णीयांच्या एका शिष्टमंडळाला व्हाइट हाउसमध्ये बोलावले, आणि तुम्ही हा देश सोडून दुसरीकडे वसाहत करावी यातच दोन्ही वंशांचे हित आहे, असे त्यांना तोंडावर ऐकवले. १ जानेवारी १८६३ चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा केवळ बंडखोरांच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून युद्धाला उभ्या राहिलेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या, ताब्यातील प्रदेशाला लागू होता. केंटकी आणि मेरीलँड यांसारख्या, संघराज्यात राहिलेल्या राज्यांतले गुलाम त्या दिवशी गुलामच राहिले. मिनेसोटामध्ये २६ डिसेंबर १८६२ रोजी डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवले गेले, ते त्याच्याच संमतीने. फाशीची शिक्षा झालेल्या ३०३ जणांची प्रकरणे तपासायला लावून त्याने बाकीच्यांची फाशी टाळली, हे खरे असले तरी त्या ३८ जणांना त्याचा काय उपयोग?

आता दुसरी तारीख पाहा. ११ एप्रिल १८६५ रोजी व्हाइट हाउसच्या खिडकीतून बाहेर जमलेल्या लोकांपुढे भाषण करताना याच माणसाने, बुद्धिमान आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा, असे आपले मत उघडपणे सांगितले. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता, आणि तीन दिवसांनी त्याने नाटकगृहात लिंकनवर गोळी झाडली. "देश सोडून जा" येथपासून "मत द्या" येथपर्यंतचे अंतर लिंकनने तीन वर्षांहूनही कमी काळात कापले, आणि ते आपोआप कापले गेले नाही. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात लढले, आणि जो स्वतः गुलामीतून पळून आला होता तो फ्रेडरिक डग्लस त्याच्यावर वर्षानुवर्षे जाहीर टीका करत राहिला. त्या टीकेने लिंकन दुखावला नाही, तो हलला. मी त्याला थोर म्हणतो ते या हलण्यासाठी.

मात्र त्याची सर्वांत मोठी चूक मी अजून सांगितलेलीच नाही. १८६४ च्या निवडणुकीत मेन राज्याच्या हॅनिबल हॅम्लिनला बाजूला सारून उपाध्यक्षपदासाठी टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन उभा केला गेला. हिशेब सरळ होता. दक्षिणेची राज्ये फुटली तेव्हा आपली जागा न सोडणारा, फुटलेल्या राज्यातला तो एकमेव सिनेटर होता. शिवणकाम करून वर आलेला, जमीनदारांचा द्वेष करणारा, जिवाची पर्वा न करणारा माणूस होता. ८ नोव्हेंबर १८६४ रोजी ज्याने लिंकनला मत दिले त्याने त्याच मतपत्रिकेवर जॉन्सनलाही दिले. अमेरिकेचा सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट अध्यक्ष एकाच दिवशी, एकाच मताने निवडून आले, ही गोष्ट मला इतकी विलक्षण वाटते की हा सगळा वाद मी तेवढ्यासाठीच घालतो आहे, असे तू म्हणालास तरी मी नाकारणार नाही.

४ मार्च १८६५ चा शपथविधी डोळ्यांपुढे आण. जॉन्सन आजारातून नुकताच उठला होता, अंगात बळ यावे म्हणून व्हिस्की पिऊन आला होता, आणि सिनेटपुढे बरळला. पण मला त्याचे ते बरळणे महत्त्वाचे वाटत नाही. त्याच दिवशी गर्दीत उभ्या असलेल्या डग्लसकडे लिंकनने बोट दाखवले आणि जॉन्सनला काहीतरी सांगितले. डग्लसने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की त्या क्षणी जॉन्सनच्या चेहऱ्यावर प्रथम उमटली ती उघड तुच्छता आणि तिटकारा. डग्लस आपल्याकडे पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्याने घाईघाईने मैत्रीचा आव आणला, पण तोवर उशीर झाला होता. हा मनुष्य काहीही असो, आपल्या लोकांचा मित्र नाही, असे डग्लस शेजारच्या बाईंना म्हणाला. सहा आठवड्यांनी तोच मनुष्य अध्यक्ष झाला.

त्याने काय केले हे कायद्यांच्या यादीतून कळत नाही, म्हणून एका बेटावरची गोष्ट सांगतो. जानेवारी १८६५ मध्ये संघराज्याच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावरची, मालक पळून गेलेली जमीन मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला, आणि काही महिन्यांत सुमारे ४०,००० माणसे त्या जमिनीवर वसली. जॉन्सनने बंडखोर जमीनदारांना माफीपत्रे वाटायला सुरुवात केली आणि माफीबरोबर जमीनही परत द्यावी असा आदेश दिला. हे सांगण्याचे काम ऑक्टोबरमध्ये, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याच्यावर आले. युद्धात उजवा हात गमावलेला तो भला माणूस एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये उभा राहिला. समोर खच्चून गर्दी होती. जमीन सोडावी लागेल हे शब्द ऐकताच "नाही, नाही" असा गलका उठला, त्याला पुढे बोलता येईना, आणि मागच्या बाजूने एका वृद्ध स्त्रीने दुःखाचे एक भजन सुरू केले, ते हळूहळू सगळी सभा म्हणू लागली. नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने हॉवर्डला पत्र लिहिले. जुन्या मालकांना क्षमा करा, असे त्याने त्यांना विनवले होते. त्यांनी कळवले, की तुमचा लढाईत केवळ उजवा हात गेला, तेव्हा तुम्हांला क्षमा करता येईलही. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून झोडपले, आणि माझ्याकडे जमीन नसली म्हणजे मी त्याच्याच दाराशी येणार हे जाणून जो आज ती मला मिळू देत नाही, त्याला क्षमा करणे मला कठीण आहे.

ते पत्र मी पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. इतिहासाच्या शिक्षकाला असे होणे काही बरे लक्षण नव्हे, पण झाले खरे.

त्यानंतरचे थोडक्यात लिहितो, कारण ते तुला ठाऊक आहे. दक्षिणेच्या राज्यांनी मुक्त झालेल्यांना पुन्हा वेठीला जुंपणारे कायदे केले, ते जॉन्सनने चालू दिले. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा त्याने नाकारला, तो काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याचा नकार डावलून मंजूर केला. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीला त्याने विरोध केला. १८६८ मध्ये महाभियोगाच्या वेळी सिनेटमध्ये त्याच्या विरुद्ध ३५ आणि बाजूने १९ अशी मते पडली, पण दोषी ठरवायला लागणाऱ्या दोन-तृतीयांशांना एक मत कमी पडले आणि तो वाचला.

बुकॅननचे काय, असे तू विचारशील. त्याच्या बाजूने माझ्याजवळ बोलण्यासारखे फारसे काही नाही. त्याने शपथ घेतल्यावर दोनच दिवसांनी, ६ मार्च १८५७ रोजी, कृष्णवर्णीय हे अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत असे सांगणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा तो कुप्रसिद्ध निकाल लागला, आणि त्याआधी त्याने एका न्यायमूर्तींना खासगी पत्र लिहून त्यांचे मन वळवले होते. राज्ये फुटू लागली तेव्हा फुटणे बेकायदा आहे, पण ते थांबवण्याचा अधिकार सरकारला नाही, असे त्याने सांगितले. घराला आग लावणे गुन्हा आहे, पण पाणी मारणे माझ्या कामात बसत नाही, अशातला हा प्रकार. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत सात राज्ये गेली. तरीही तो दुबळा होता, आणि त्याने जे होऊ दिले ते पुढच्या माणसांनी फार मोठी किंमत देऊन उलटवले. जॉन्सन दुबळा नव्हता. सहा लाखांहून अधिक माणसे मेल्यावर जे हाती आले होते ते त्याने निश्चयाने, चार वर्षे खपून, परत केले, आणि ते पुन्हा मिळवायला शंभर वर्षे लागली. मतदानाच्या हक्काचा परिणामकारक कायदा लिंडन जॉन्सनच्या सहीने झाला तो १९६५ मध्ये. आडनावाचा हा योगायोग मला जरा जास्तच आवडतो.

तू फोनवर इतिहासकारांच्या क्रमवारीचा दाखला दिलास. तिच्यात बुकॅनन तळाला असतो हे मान्य. पण याच क्रमवारीचा जुना अवतार काढून पाहा. १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंजर यांनी ५५ जाणकारांची मते घेतली, तेव्हा २९ अध्यक्षांत अँड्र्यू जॉन्सन एकोणिसावा, म्हणजे चक्क 'साधारण' गटात होता, आणि कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध सैन्य पाठवणारा, जॉन्सननंतरचा अध्यक्ष ग्रँट शेवटून दुसरा! मधल्या काळात जॉन्सनने नवे काही केले नाही. बदलले ते जाणकार. त्या काळच्या विद्यापीठांत युद्धोत्तर पुनर्रचना म्हणजे अडाणी कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता देण्याचा अविचार, असेच शिकवले जाई. कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १९३५ मध्येच जाडजूड ग्रंथ लिहून ते सगळे खोडून काढले होते, पण त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्याकडे काणाडोळा केला. आपल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ज्या अभ्यासकाला पत्र लिहून अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याविषयी विचारणा केली, ते हेच ड्यूबॉइस.

आणि त्यांच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती लिंकनला नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. लिंकनला जाऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती आणि त्याचे नाव घालणे सर्वांत सोपे होते. तुझ्या टोमण्याला खरे उत्तर पुण्यात बसून जोतीरावांनीच देऊन ठेवले आहे, आणि ते माझ्याही विरुद्ध जाते, हे मला दिसते.

रूझवेल्टविषयी मी हात आखडता घेणार नाही. मार्च १९३३ मध्ये देशभरच्या बँका बंद असताना त्याने रेडिओवरून साध्या भाषेत बँक म्हणजे काय ते समजावले, आणि बँका उघडल्यावर लोक पैसे काढायला नव्हे, भरायला रांगेत उभे राहिले. हे काम दुसऱ्या कोणाला जमले असते असे मला वाटत नाही. पण फेब्रुवारी १९४२ च्या त्याच्या एका हुकमाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाची माणसे छावण्यांत कोंडली गेली, आणि त्यांतली बहुसंख्य अमेरिकेची जन्मसिद्ध नागरिक होती. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये, प्रत्येक हयात व्यक्तीला २०,००० डॉलर देऊन. लिंकन चुकीकडून बरोबर दिशेला गेला; रूझवेल्टने ही चूक जाणूनबुजून केली आणि १९४४ ची निवडणूक पार पडेपर्यंत ती तशीच राहू दिली. माझ्या तराजूत एवढ्यानेच रूझवेल्टचे पारडे हलके ठरते.

निक्सनला आपण दोघेही वाद न घालता तळाच्या पाचांत टाकू, हे मला माहीत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आपण काळा कागद चिकटवलेल्या खिडकीआड बसून रेडिओवर ऐकली होती, तेव्हा त्याच्या बाबतीत आपण निःपक्षपाती असणे शक्य नाही. हयात अध्यक्षांना मात्र मी हात लावणार नाही. ट्रुमन पदावरून उतरला तेव्हा लोकांना नकोसा झाला होता आणि आज तो पहिल्या दहांत असतो, एवढे उदाहरण मला पुरे आहे. केनेडीला अशीच क्रमवारी लावायला सांगितली, तेव्हा तो एका इतिहासकारापाशी वैतागला होता, की त्या खुर्चीत बसून टेबलावरची कागदपत्रे ज्याने पाहिली नाहीत त्याला बिचाऱ्या बुकॅननलासुद्धा गुण देण्याचा अधिकार नाही. हा मुद्दा तुझ्या हाती मी मुद्दाम देतो आहे. माझ्यावर चालवून पाहा.

तू मुलाकडे अजून दोन महिने आहेस. तिथून पेनसिल्व्हेनियातले लँकेस्टर फार दूर नाही, बुकॅननचे घर तिथे जतन केले आहे. जाऊन ये, आणि परत आल्यावर १९४२ च्या हुकमाविषयी रूझवेल्टची बाजू मला लिहून पाठव; फोनवर नको, तुझा नातू मला पुन्हा हरवील.

वहिनींना नमस्कार, मुलाला व सूनबाईंना आशीर्वाद, आणि त्या श्रोत्याला गोड पापा.

तुझा,
जुना मित्र