शिट्टी आमच्याच गॅलरीत वाजत होती

महोदय,

‘सांगली आकाशवाणी हल्ली नीट लागत नाही’ अशी कुरकुर करणाऱ्यांत महिन्यापूर्वी मीही होतो. तिन्हीसांजेला दिवे लागले की १२५१ किलोहर्ट्झवर बारीक शिट्टी सुरू व्हायची आणि तिचा सूर हळूहळू सरकत राहायचा. अंधार पडला की मध्यमलहरींवर लांबची केंद्रं घुसतात, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक असतं. आठवडाभर त्यांच्याच नावानं बोटं मोडली.

मग रेडिओत सेल घातले आणि घराचा मेन पाडला. शिट्टी तशीच! आपलं घर सुटलं, असं समजून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर ठपका ठेवला. त्या बिचाऱ्यांनी ऐन जेवणाच्या वेळी तो बंद करून दाखवला. फरक शून्य.

शेवटी रेडिओनंच पत्ता दिला. त्याच्या पोटात फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकीय पदार्थाची, आडवी कांडी असते, तीच मध्यमलहरींची एरियल. कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे आलं की खरखर एकदम पडते. रेडिओ गोल फिरवत ती दिशा आधी हॉलमधून धरली, मग गच्चीवरून. दोन्ही रेषा मिळाल्या त्या आमच्याच गॅलरीत, तुळशीवर.

डिप्लोमाला असलेल्या नातवानं तिथं अंधार पडताच आपोआप लागणारी एलईडी पट्टी बसवली होती. एका लिथियम सेलच्या पावणेचार व्होल्टचे बारा व्होल्ट करणारं नखाएवढं मॉड्यूल, एमटी३६०८. ते सेकंदाला सुमारे बारा लाख वेळा चालू-बंद होतं, म्हणजे १२०० किलोहर्ट्झ. थोडं इकडेतिकडे झालं की थेट आकाशवाणीच्या अंगावर. तापलं की वारंवारता सरकते, म्हणून सूर बदलायचा. आणि सेलवर चालणाऱ्याला मेन पाडल्याचं काय सोयरसुतक!

पट्टीची लांबलचक वायर एरियलचं काम करत होती. नातवानं ती तोडून वीतभर ठेवली, फेराइटच्या कड्यातून चार वेढे दिले आणि मॉड्यूल पत्र्याच्या डब्यात घालून डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडला. आता रेडिओ तुळशीला टेकवला तरच कुजबुज ऐकू येते.

पोरांनी असे उद्योग करावेतच. पण मॉड्यूल चाळीस-पन्नास रुपयांत मिळतं आणि त्यासोबत असा उपद्रव अडवणाऱ्या फिल्टरचं कुणी सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी प्रोजेक्ट प्रदर्शनात प्रत्येक टेबलावर मिनिटभर मध्यमलहरींचा रेडिओ लावून बघावा. ज्या टेबलावर सांगली केंद्र स्वच्छ लागेल, त्याला दोन गुण जास्त द्यावेत. २०१९ च्या महापुरात वीज गेली तेव्हापासून सेलवरचा एक रेडिओ मी कायम तयार ठेवतो. परीक्षकांना हवा असल्यास तो न्यावा.

– एक श्रोता, विश्रामबाग, सांगली