डोकं टेकायला जागा

लाडक्या बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, खरं सांगा, तुम्ही झोपता कुठे?" मी म्हणालो, मित्राच्या खोलीवर. ते खोटं होतं. गेले चार महिने मी रात्र निवाऱ्यात झोपतोय आणि त्याआधी अकरा रात्री उघड्यावर काढल्या. काम सुटलं, भाडं थकलं, तुझी आणि आईची सोय मावशीकडे झाली, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं मी लाजेपोटी लपवलं. देवाकडे क्षमा मागून झाली, आता तुझ्याकडे मागतो.

मग तू म्हणालीस, "मी प्रार्थना करणं सोडलंय. आपलं घर गेलं ते देवाला दिसलं नाही का?" मला तेव्हा बोलायला काही सुचलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

पहिल्या रात्री बूट कुणी नेऊ नयेत म्हणून सदऱ्यात गुंडाळून उशाला घेतले. आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी बनियनच्या आत ठेवली. जरा चाहूल लागली की दचकून उठायचो. तेव्हा बायबलमधला याकोब आठवला. घर सोडून निघालेला, सूर्य मावळला तिथेच थांबला आणि धोंडा उशाला घेऊन निजला (उत्पत्ती २८). लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, पण लक्ष नेहमी स्वर्गाला पोचलेल्या शिडीकडे जायचं. त्या रात्री पहिल्यांदा धोंड्याकडे गेलं. मला शिडी दिसली नाही, बाळा. देवदूतही दिसले नाहीत. पण "मी तुझ्याबरोबर आहे" हे देव याकोबाला बोलला ते तो भर वाटेत, उघड्यावर पडलेला असताना, एवढं मात्र मनात घट्ट धरून ठेवलं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुझ्या हातून होऊ नये. निवाऱ्याचा पत्ता मला दुसऱ्याच दिवशी कळला होता. मी गेलो नाही. देव सोय करील, त्याच्यावर भरवसा आहे, मग माणसांपुढे हात कशाला पसरू, असं म्हणत राहिलो. मला तो विश्वास वाटत होता. अकराव्या रात्री पावसात भिजलो, अंगात ताप भरला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला सैतान आठवला. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असं तो प्रभूला सांगतो. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, एवढंच म्हणतो. मी जे करत होतो ते उडी टाकणंच होतं गं. विश्वासाचं नाव देऊन मी माझा ताठा सांभाळत होतो. देवाने सोय केली होती, तिचं दार मीच ठोठावत नव्हतो.

एलीया संदेष्ट्याचं पाहा (१ राजे १९). पुरे झालं, आता माझा प्राण घे, असं म्हणून तो झुडपाखाली आडवा झाला. दूत आला तेव्हा त्याने उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. उशाशी भाकर होती आणि पाण्याचा चंबू. एलीयाने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवाने त्याला झोपू दिलं! दूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही आधी खायलाच सांगितलं, पुढची वाट फार लांबची आहे म्हणून.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी मागच्या बाकावर बसायचो. अंगाला वास येत असेल ही धास्ती. पुष्कळांनी हात हातात घेऊन "प्रार्थनेत आठवण करतो" म्हटलं. त्यांचं मन खोटं नव्हतं, पण रात्री त्यांचं दार बंद झालं की मी बाहेरच. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या (हा याकोब वेगळा) दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच लिहिलंय: उघड्या-उपाशी माणसाला काही न देता नुसतं "ऊब घे, पोटभर खा" म्हटलं तर काय उपयोग? मग एका म्हाताऱ्या बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "आंघोळीला पाणी लागेल का? कपडेही धुऊन वाळत घाला." किती दिवसांनी दार लावून आंघोळ केली. बादलीपाशी उभा राहून रडलो. ती माझी भाकर आणि तो माझा चंबू.

आपल्या कोणत्या पापाची ही शिक्षा, असं आईला कुणी विचारलं तर तिने ते मनाला लावून घेऊ नये. जन्मांधाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं आणि प्रभूने त्यांना तिथेच थांबवलं (योहान ९). प्रेषित पौलसुद्धा करिंथकरांना लिहितो की आम्हाला घरदार नाही. त्याच्या विश्वासात काय कमी होतं?

अर्जातला पत्त्याचा रकाना आला की माझा हात अजून थांबतो. तेव्हा नव्वदाव्या स्तोत्राची पहिली ओळ मनात म्हणतो: प्रभू, तू पिढ्यानपिढ्या आमचं निवासस्थान आहेस. ते स्तोत्र मोशेच्या नावावर आहे, आणि मोशेची शेवटची चाळीस वर्षं रानात, तंबूंत गेली. घर मिळेलच असं वचन मला मिळालेलं नाही, म्हणून मी ते तुला देत नाही. मी काम शोधतोय, खोलीही शोधतोय.

प्रार्थना सोडलीस म्हणालीस. पण माझ्याशी जे बोललीस, तेच त्याच्याशी बोल, त्याच रागाने. तेरावं स्तोत्र काढून बघ. "किती वेळ" हे दाविदाने चार वेळा विचारलंय आणि देवाने ते आपल्या ग्रंथात राहू दिलं.

आता दिवे मालवतील. पहाटे सहाला जागा रिकामी करावी लागते. रविवारी संध्याकाळी फोन करतो. या वेळी कुठून बोलतोय ते खरं सांगेन.

तुझा,
बाबा