बाबा, पाय मोजू नका

मे सोत, थायलंड

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या पत्राचा फोटो दादाने पाठवला. सहस्रचंद्रदर्शनाच्या जेवणावळी नकोत, त्याऐवजी ते दोन लाख इथल्या निर्वासित छावणीतल्या लोकांच्या कृत्रिम पायांसाठी द्यायचे, हे वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. खाली तुम्ही विचारलंय, "एका पायाला साधारण काय पडतं आणि एवढ्या रकमेत किती पाय होतील ते कळव." जिल्हा बँकेत जन्म काढलेला माणूस हेच विचारणार. पण याचं उत्तर एका आकड्यात दिलं तर ते खोटं ठरेल, म्हणून हे लांबलचक पत्र लिहिते आहे. आई, तू वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

आधी इथली परिस्थिती सांगते. मे सोतच्या पलीकडे मोई नदी आहे आणि नदीपलीकडे म्यानमार. थायलंडच्या बाजूने सीमेला लागून नऊ छावण्या आहेत. सगळ्यांत मोठी मे ला, इथून उत्तरेला, उंच कातळाच्या पायथ्याशी. बांबूची घरं, वर पानांचं छप्पर, चढ-उतार आणि पावसाळ्यात नुसता चिखल. १९८४ पासून इथे म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेली माणसं राहतात, बरीचशी तिथल्या करेन समाजाची. आज या नऊ छावण्यांत मिळून लाखभर लोक आहेत. छावणीतच जन्मलेली मुलं आता आई-बाप झाली आहेत. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर लढाई पुन्हा पेटली आणि जखमी येत राहिले. भूसुरुंगांनी मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची जगभर जी नोंद ठेवली जाते, तिच्यात २०२३ साली म्यानमारचा आकडा सर्वांत मोठा होता, १,००३. हे फक्त नोंदले गेलेले. जंगलातल्या वाटेवर जे झालं ते कुठल्या वहीत येणार?

आता पाय. माझ्याकडे, म्हणजे कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत, येणारा माणूस पाय गेल्यावर लगेच येत नाही. आधी ऑपरेशन, मग जखम भरणं, मग उरलेल्या पायाला दाबपट्टी बांधून सूज उतरवणं. या काळात मांडीचे स्नायू आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम लागतो. कुणाला नसलेल्या पायाच्या बोटांत कळा येतात, रात्र रात्र झोप नसते, त्यांच्याशी बोलत बसावं लागतं. हे सगळं झाल्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. तो हाताने घासून हवा तिथे भर द्यायची, नको तिथे कमी करायचं, मग भट्टीत तापवलेला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा तक्ता त्यावर ओढून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, काढायचं. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकताना आमचे सर सांगायचे, पाऊल कुठलंही बसवा, सॉकेट चुकलं तर माणूस तो पाय खुंटीला टांगून ठेवेल. ते इथे रोज पटतं.

आणि पाय बसला की काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं. वर्षभरात उरलेला पाय बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, कातडी सोलवटते. चिखलात आणि दगडांवर रबरी पाऊल झिजतं. मोठ्या माणसाला साधारण ३ ते ५ वर्षांनी नवा पाय लागतो आणि वाढत्या मुलाला दर ६ ते १२ महिन्यांनी. मुलांचं तर कापलेलं हाडही वाढत राहतं, कधी कातडीला टोचायला लागतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आठ वर्षांच्या पोराचा पाय गेला तर अठराव्या वर्षापर्यंत त्याला दहा-पंधरा पाय लागतील. बाबा, सांगा आता, हा एक पाय मोजायचा की पंधरा?

७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे बसले, ते तुम्ही कर्जवाटपाच्या फेऱ्यांत पाहिलेत. किती बसले याचे आकडे छापून यायचे, पण वॉशर बदलायला माणूस नाही म्हणून किती बंद पडले ते कुणी छापत नसे. पायांचं तसंच आहे. देणाऱ्याला बसवलेला पाय दिसतो, दुरुस्त केलेला दिसत नाही. फोटोत तर मुळीच येत नाही.

इथल्या कामाला पैसा येतो तो मोठ्या देणगीदारांकडून, म्हणजे युरोपीय संघ, अमेरिकेचं परराष्ट्र खातं, कुठलं एखादं सरकार. हा पैसा बहुधा वर्षभराच्या प्रकल्पाला बांधलेला असतो. अर्जात आधीच लिहून द्यायचं, किती पाय, किती कुबड्या, किती व्हीलचेअर, किती लोकांना प्रशिक्षण. वर्ष संपलं की अहवाल, ऑडिट आणि पुन्हा नवा अर्ज. दोन प्रकल्पांच्या मधल्या महिन्यांत पगार कुठून द्यायचे, याची काळजी प्रत्येक लहान संस्थेला असते. भाडं, वीज, हिशेबनीस, कार्यालय यांसाठी युरोपीय संघ खर्चाच्या ७ टक्क्यांपर्यंत रक्कम देतो. बाहेरच्याला वाटतं प्रशासनाला कमी दिलं की पैसा गरिबाला जास्त पोचला. पण इथे भट्टीचं हीटर गेलं तर ते कुठल्या प्रकल्पाच्या कुठल्या ओळीत घालायचं यावर आठवडा जातो आणि तेवढे दिवस दारात बसलेली माणसं परत जातात.

खरी किंमत सामानाची नाहीच. पॉलिप्रॉपिलीन, रबर, पट्टे, नट-बोल्ट हा भाग लहान. मोठा भाग माणसांचा. आमच्या कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांपैकी काहींचे स्वतःचे पाय सुरुंगात गेलेले आहेत. छावणीतच शिकले. नवा माणूस रडत येतो तेव्हा ते बोलत नाहीत, फक्त आपली पँट वर करून दाखवतात. माझ्या पदवीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो आणि हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

ही पद्धत इथल्याच मातीत रुजली. १९७९ मध्ये कंबोडियातून पळालेल्या लोकांसाठी थायलंडच्या पूर्व सीमेवर काओ-ई-डांग नावाची छावणी उभी राहिली. तिथे १९८२ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त रिशार्दिये आणि क्लोद सिमोने या दोन फ्रेंच डॉक्टरांनी बांबू, लाकूड, चामडं, जे हाताशी मिळेल त्याचे पाय बनवायला सुरुवात केली आणि निर्वासितांनाच ते शिकवलं. त्यातून 'हँडिकॅप इंटरनॅशनल' उभी राहिली. २०१८ पासून तिचं नाव 'ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन' आहे. किती पाय बनवणार, सुरुंग पेरणं थांबलं पाहिजे, हे त्यांना कार्यशाळेतच उमगलं. १९९२ मध्ये सुरुंगबंदीची जागतिक मोहीम सुरू करणाऱ्या सहा संस्थांत ही एक होती. १९९५ पासून फ्रान्समध्ये लोक चौकात जुन्या चपला-बुटांचा डोंगर रचतात, पाय गमावलेल्यांची आठवण म्हणून. १९९७ मध्ये सुरुंगबंदीचा करार झाला आणि त्याच वर्षी मोहिमेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. म्यानमारने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्या देशानेही नाही, बाबा. हे मला बोचतं.

तुम्हाला अभिमान वाटावा असंही एक आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट तयार केला. अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, मांडी घालणारा माणूस त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. परदेशी पाय बुटातला होता, शेतातला नव्हता. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मे सोतमध्ये मे ताओ दवाखाना चालवणाऱ्या डॉ. सिंथिया माँग यांनाही २००२ मध्ये तोच पुरस्कार मिळाला. त्या स्वतः करेन, म्यानमारमधल्या १९८८ च्या लोकशाहीवादी उठावानंतर सीमा ओलांडून आल्या आणि १९८९ मध्ये दवाखाना सुरू केला. त्यांच्याकडेही कृत्रिम पायांचा विभाग आहे.

आई, काकूंनी तुला विचारलं ना, "आपल्याकडे अपंग कमी आहेत का, की तिकडे पैसे पाठवायचे?" प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. पण फरक एवढाच सांग. आपल्या गावात ज्याचा पाय गेला त्याच्या नावावर काहीतरी असतं. अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एसटीची सवलत, मतदानाचा हक्क. ते वेळेवर मिळत नाही, हेलपाटे घालावे लागतात, सगळं खरं. तरी भांडायला कुणीतरी समोर आहे. इथला माणूस कुणाशी भांडणार? ज्या देशाचा तो आहे तिथेच सुरुंगाने त्याचा पाय नेला आणि ज्या देशात राहतो त्याचा तो नागरिक नाही. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. वर्षानुवर्षं छावणीच्या फाटकाबाहेर कामाला जायची मुभा नव्हती.

२०२५ मध्ये हे सगळं किती नाजूक आहे ते कळलं. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवण्याचा आदेश काढला. काही दिवसांतच अमेरिकेच्या पैशावर चालणारे छावण्यांतले दवाखाने बंद झाले, ऑक्सिजनवरची माणसं घरी पाठवावी लागली. मग थाई सरकारी रुग्णालयांनी धाव घेतली. 'द बॉर्डर कन्सॉर्शियम' ही संस्थांची आघाडी १९८४ पासून इथे शिधा पुरवते. ३१ जुलैनंतर त्यांना ८० टक्क्यांहून अधिक लोकांचा शिधा बंद करावा लागला. तांदूळ, डाळ, मीठ, तेल यांचा हिशेब एका झटक्यात संपला. ऑगस्टमध्ये थाई मंत्रिमंडळाने छावणीतल्या लोकांना बाहेर काम करायला परवानगी दिली. हे फार मोठं पाऊल आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण ऊस तोडायला, बांधकामावर, कारखान्यात कोण जाणार? ज्याचे हातपाय धड आहेत तो. घरातला तरणा मुलगा निघून गेला की आंधळ्या बापाला संडासापर्यंत कोण नेणार, पाणी कोण भरणार? सगळ्यांत अशक्त लोकांचा शिधा चालू आहे. पण फक्त तांदूळ मिळाला की माणूस जगतो असं नाही.

म्हणून नुसत्या पायांवर बोलले तर चित्र अर्धवट राहील. सुरुंगाने फक्त पाय जात नाहीत, कधी डोळे आणि दोन्ही हातही एकदम जातात. मे ला छावणीत अशा लोकांसाठी एक घर आहे. ते लोक एकत्र गातात, करेन भजनं. बहिरी मुलं, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, पक्षाघात झालेले म्हातारे, सगळे आमच्याकडे येतात. त्यातली अनेक कामं एका उताराने, एका कठड्याने, संडासाच्या रुंद दाराने होतात. शिध्याच्या रांगेत व्हीलचेअरला वेगळी वाट ठेवली तरी घरातल्या एका माणसाचा दिवस वाचतो. पण मदत आटली की हे 'विशेष' काम म्हणून आधी कापलं जातं. अन्न, पाणी, औषध आधी, मग बाकीचं, असं सगळे म्हणतात. दारात रांगत आलेल्या माणसाला पाय हे बाकीचं कसं वाटेल?

आता तुमच्या दोन लाखांचं. माझं मत स्पष्ट सांगते, निर्णय तुमचा. ते इथे पाठवू नका. परदेशी पैसे पाठवण्याचे बँकेतले कागद आणि या वयात तुमची धावपळ मला नको. शिवाय एकरकमी दान माझ्या मते इथल्या गरजेला सर्वांत कमी उपयोगाचं. ते पैसे तुमच्या ओळखीच्या बँकेत ठेव म्हणून ठेवा आणि दरवर्षीचं व्याज जवळच्या एखाद्या कृत्रिम अवयव केंद्राला द्या. देताना पाय किती बसवता असं विचारू नका. गेल्या वर्षी बसवलेले किती जण परत आले आणि त्यांचं काय केलंत, हे विचारा. ज्या केंद्राच्या वहीत हे लिहिलेलं असेल त्यालाच द्या. कशावर खर्च करायचा ही अट घालू नका, त्यांना भट्टी दुरुस्त करू द्या, झाडणाऱ्या बाईंचा पगार देऊ द्या.

आणि इथला भाग मी उचलते. दर महिन्याला मी जे पाठवते ते नको म्हणून तुम्ही इतके दिवस भांडताय, तर ठीक आहे, या महिन्यापासून ते इथल्या आमच्या संस्थेत तुमच्या दोघांच्या नावाने, कसलीही अट न घालता, जमा होईल. पावती दादाच्या मोबाइलवर येईल. मात्र आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर त्याचा खर्च माझा, त्यात वाद नको. आणि आई, ऑपरेशननंतरचे व्यायाम बुडवायचे नाहीत, मी व्हिडिओवर समोर बसवून करून घेणार आहे.

दादाला सांगून केंद्रांची चौकशी सुरू करा. दोन-तीन नावं आली की मला कळवा, तिथल्या तंत्रज्ञाशी मी स्वतः फोनवर बोलते. बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यावी. दिवाळीत रजा मिळेल असं दिसतंय.

तुमची,
धाकटी