साते ‘लो-कार्ब’ करायचे तर साखर काढा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत चिकन सातेची (काडीला लावून भाजलेल्या मसालेदार चिकनची) पाककृती ‘लो-कार्ब’, म्हणजे कमी कर्बोदकांची, म्हणून दिली आहे, पण साहित्यात केचप मानिस आहेच! इंडोनेशियाचा हा सोया सॉस ताडगुळाने दाट केलेला असतो. कर्बोदके येतात ती तिथून; चिकनमध्ये ती जवळपास नसतातच.

त्याऐवजी साधा सोया सॉस एक चमचा घ्यावा. अर्धा किलो बोनलेस मांडीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत (छातीचे मांस चटकन कोरडे पडते). वाटणात २ चमचे धने, १ चमचा जिरे, १ चमचा हळद, लसूण, आले आणि गवती चहाचा फक्त बुडाचा पांढरा भाग. पात घातली की चोथा दाताखाली येतो. मीठ बेतानेच, सोया खारट असतो. ४ तास मुरू द्यावे. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवाव्यात.

खरी गोची भाजताना होते. साखर नसल्याने रंग उशिरा चढतो, म्हणून जास्त भाजले जाते आणि चिकन चामट होते. नारळाचे दाट दूध व तेल लावत, कडक आचेवर उलटसुलट करत ८ ते १० मिनिटे पुरेत.

शेंगदाण्याच्या सॉसमध्येही गूळ नको. सोबत केतुपात, म्हणजे भाताच्या वड्या, टाळून काकडी-कांदा द्यावा.

– एक वाचक, ठाणे