गेमिंगाचे वलय आणि छापलेला 'प्रोटॉन'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात गेमिंगा या पल्सारची (वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या गाभ्याची) आणि त्याभोवतीच्या गॅमा किरणांच्या वलयाची बातमी आहे. तिच्या उपशीर्षकातच पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धन विद्युतभाराच्या जुळ्याचा, 'प्रोटॉन' झाला आहे. ही मुद्रणदोषावर सोडण्यासारखी चूक नाही. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत बहुतांश प्रोटॉनच असतात, त्यात कोडे कसले? कोडे पॉझिट्रॉनचे आहे. १० जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचे एकक) वर इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण घटायला हवे. ते वाढते, असे पामेला या उपग्रहावरच्या उपकरणाने २००९ मध्ये दाखवले आणि अवकाश स्थानकावरच्या एएमएस-०२ने २०१३ मध्ये अधिक नेमके मोजले. शिवाय गेमिंगा '८०० प्रकाशवर्षे जुना' नाही. ते अंतर झाले. वय सुमारे ३.४ लाख वर्षे.

सर्वांत खटकले ते 'पॉझिट्रॉन इथूनच येतात हे सिद्ध' हे वाक्य. मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने हे वलय २०१७ मध्ये मोजले, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला होता. तिथे ४,१०० मीटर उंचीवर पाण्याच्या ३०० टाक्या आहेत. गॅमा किरणाने हवेत उडवलेले कण पाण्यात शिरले की क्षीण प्रकाश चमकतो. तो कोणत्या टाकीत किती नॅनोसेकंद आधी दिसला यावरून दिशा काढतात. म्हणजे तुम्ही छापलेले वलय हा फोटो नव्हे, हजारो मोजण्यांचा नकाशा आहे.

सुमारे १०० टीईव्हीचे (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन अवकाशातल्या सूक्ष्मलहरींना धडकतात, त्यातून हे गॅमा किरण निघतात. वलयाच्या रुंदीवरून कणांचा पसरण्याचा दर कळतो. तो आकाशगंगेत एरवी धरतात त्याच्या जवळपास शंभरावा हिस्सा निघाला. तोच दर थेट आपल्यापर्यंत धरला तर गेमिंगाचे पॉझिट्रॉन इथे पोचतच नाहीत. पण तो धरायचा का, भांडण तिथे आहे. चोपणाच्या तुकड्यात पाणी तुंबले म्हणून अख्खे शिवार चोपण ठरत नाही. धुऱ्यापलीकडे बरड असेल तर पाणी झरझर जिरते. पल्सारभोवतीच दाटी आणि बाहेर मोकळे रान असेल, तर गेमिंगा पुन्हा हिशेबात येतो. त्यातही एएमएसचे पॉझिट्रॉन काहीशे जीईव्हीचे, हॉकचे कण त्याच्या शेकडो पट ऊर्जेचे. या दोहोंमधली दरी फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या नोंदींनी थोडी भरली, पुरती नाही. 'सिद्ध'च्या जागी 'शक्य' छापा.

आणखी एक. रविवारचे विज्ञानाचे पान शहर आवृत्तीत असते. आमच्या डाक आवृत्तीत त्या जागी बियाण्यांच्या जाहिराती येतात. किंमत दोन्हीकडे सारखीच घेता. दुरुस्ती छापाल ती तरी डाक आवृत्तीत छापा.

आपला,
एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ