टिपणे अपलोड झाली, वाचता येतात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभ्याससाहित्य ऑनलाइन ठेवले की ते सर्वांपर्यंत पोचले, अशी माझीही समजूत होती. एका अंध विद्यार्थ्याने माझीच टिपणे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, उघडून दाखवली, तेव्हा त्या पीडीएफमधून एक शब्दही उमटला नाही. पाने स्कॅन केलेली असल्यामुळे संगणकाच्या लेखी ती अक्षरे नव्हती, नुसती चित्रे होती. दुसरी फाइल टाइप केलेली होती खरी, पण जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये, त्यामुळे मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक बडबड ऐकू आली. त्याला हे सवयीचे होते. शरमलो तो मी.

हे दोष साहित्य तयार करतानाच टाळता येतात. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, त्याला 'हेडिंग'ची शैली लावावी लागते, कारण स्क्रीन रीडर वापरणारा वाचक मथळ्यावरून मथळ्यावर जात मजकूर चाळतो. आकृतीच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे ती न दिसणाऱ्यासाठी जोडलेल्या वर्णनात, 'आलेख' एवढेच लिहिणे हे न लिहिण्यासारखेच. त्या आलेखातून काय दिसते, ते सांगायला हवे. व्हिडिओची आपोआप उमटणारी उपशीर्षके पारिभाषिक शब्दांची हमखास वाट लावतात आणि कर्णबधिर विद्यार्थी तेच पाठ करून बसतो, म्हणून ती शिक्षकाने स्वतः तपासावीत. माऊसने ओढूनच जुळवायच्या जोड्यांचा प्रश्न हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याच्या ज्ञानाची परीक्षा घेत नाही.

वेबसाठीच्या सुगम्यतेची, म्हणजे संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 1999 पासून उपलब्ध आहेत आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातील कलम 24 शिक्षणाचा हक्क मान्य करते. तरीही शिक्षणसंस्थांचा शिरस्ता असा, की विद्यार्थ्याने आधी अर्ज करावा, प्रमाणपत्र जोडावे आणि मग साहित्य बदलून मिळण्याची वाट पाहावी. तोवर परीक्षा उरकलेली असते. सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणेही बरोबर नाही, कारण जुनी टिपणे नव्याने करायला वेळ लागतो आणि तो कामाच्या तासांत कुठेच धरलेला नसतो. संस्थांनी तो धरावा, आणि ऑनलाइन शिक्षणाचे कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी ते केवळ कीबोर्डवर व स्क्रीन रीडरवर चालते की नाही, हे अपंग विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावे.

आपला,
एक प्राध्यापक