दगडी बाक सुखरूप हलवणाऱ्या मंडळींना

मुकादम आणि सगळी मंडळी,
सप्रेम नमस्कार.

बागेतला ग्रॅनाइटचा बाक आणि ओतीव लोखंडाचं टेबल तुम्ही नव्या जागी नेऊन ठेवलंत. कुणाचं बोट चेमटलं नाही की फरशीचा टवका उडाला नाही. मनापासून आभार! हे काम आम्हीही करतो, म्हणून तुमची पद्धत चारचौघांना कळावी असं वाटतं.

हात लावण्याआधी तुम्ही टेप काढलात. बाकाचा पाट दीड मीटर लांब, 45 सेंटीमीटर रुंद, 10 सेंटीमीटर जाड. ग्रॅनाइट घनमीटरला साधारण 2700 किलो भरतो, म्हणजे नुसता पाटच 180 किलोंच्या घरात. 'चला, चौघं मिळून उचलू' हा विषय तिथेच मिटला.

पहारीने एक टोक दोन बोटं वर, लगेच खाली लाकडी ठोकळा, मग दुसरं टोक. ठोकळासुद्धा फळीने सरकवलात, हाताने नाही. पाट सुटा झाल्यावर तो कडेवर उभा करून गाडीच्या चौकटीला पट्ट्याने आवळलात. इतकी तसदी फार थोडे घेतात. दगड दाब सोसतो, ताण नाही. आडवा ठेवून दोन्ही टोकांनी उचलला, की मधोमध खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथे आधीच बारीक चीर असेल तर तडकू शकतो.

हिरवळीवर चाकं रुतू नयेत म्हणून 18 मिलिमीटरचं प्लायवूड अंथरलंत आणि मागचा तुकडा काढून पुढे टाकत गेलात. उतारावर दोर वरच्या खांबाला वेढा देऊन हळूहळू सोडलात, गाडीच्या खालच्या बाजूला कुणालाही फिरकू दिलं नाहीत.

टेबलाची छत्री आधी काढलीत, तिच्या बुडातलं पाणीही ओतलंत. लिटरमागे किलो कमी. गंजलेल्या बोल्टांना तेल सोडून थांबलात. ओतीव लोखंड ठिसूळ; टेबल ओढत नेलं असतं तर फरशीच्या सांध्यात अडकून पाय मोडला असता. कलतं करण्याआधी खाली बॅटरी मारलीत तेही बरं केलंत, अशा सांदीकोपऱ्यात विंचू आणि गांधीलमाश्या असतात.

खुर्च्यांचं काय, त्या एकात एक रचून गेल्या.

एकच सुचवतो. सुती हातमोजे ओल्या दगडावर सटकतात, रबरी पकडीचे घ्या. आणि तुमची लहान पहार इथेच राहिली आहे, सवडीने घेऊन जा.

आपले,
बाग सांभाळणारे